काय ठेवायचं, काय कापायचं

आमच्या महिला मंडळात अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. पूर्वी दुपारची कामं आटोपली की कुणी क्रोशा घेऊन बसायचं, कुणी स्वाध्यायाचं पुस्तक उघडायचं, कुणी शेजारी पापड लाटू लागायला जायचं. आता चार-पाच जणी तरी अशा आहेत, की त्या फोन घेऊन व्हिडिओ जोडत बसतात. नातवाचं बारसं, सासऱ्यांची पंच्याहत्तरी, यात्रेचा प्रवास. मुलाने किंवा सुनेने एकदा दाखवून दिलं की पुढचं त्या आपल्या आपण शिकतात. पन्नाशी-साठीच्या बायकांना हे जमतं याचं घरच्यांना भारी कौतुक. मला त्यात नवल वाटत नाही. डाळ निवडणं, कापड बेतणं, चार माणसांत काय बोलायचं आणि काय गिळायचं ते ठरवणं, यातच आपला निम्मा जन्म गेला आहे. हेही तसलंच काम आहे, फक्त कातर वेगळी.

पण या छंदाच्या मागोमाग एक प्रश्नही घरात येतो. दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी एका मैत्रिणीने तो सरळ विचारला. "आपण व्हिडिओत मागचं पुढं करतो, रुसवेफुगवे काढून टाकतो, हसणारी तोंडं तेवढी ठेवतो. हे खोटं बोलणंच की गं?" सगळ्या हसल्या आणि विषय दुसरीकडे गेला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते आहे.

आधी हे काम असतं तरी काय, ते पाहू. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. आपला फोन साधारणपणे एका सेकंदाला तीस चित्रं घेतो. म्हणजे एका मिनिटाला १८००. एका लग्नात आपण दोन तासांचं चित्रण केलं, तर २ लाख १६ हजार चित्रं गोळा झाली. त्यातून लोक बसून बघतील अशी दहा मिनिटांची फिल्म करायची, तर १८ हजार चित्रं ठेवायची. बारा भागांतला एक ठेवायचा आणि अकरा बाजूला काढायचे. म्हणजे कापायचं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. कापावं लागतंच. शिवाय आपण बटण दाबलं त्याआधीच पुष्कळ कापलं गेलेलं असतं. फोन नवरीकडे धरला तेव्हा पाठीमागे पंगतीत कोण वाढत होतं, ते आलंच नाही.

मराठीत या कामाला संकलन म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. हाताने आपण करतो ते कापणं, पण भाषा त्याला एकत्र आणणं म्हणते. बारा भागांतला जो एक भाग ठेवला तो कसा जोडला, यावर सगळं ठरतं असं त्या शब्दाने सुचवलं आहे.

हे काम बायकांना परकं नाही, हेही सांगायला हवं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्या चित्रपटाच्या मागे सरस्वतीबाई फाळके होत्या. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती रसायनात धुणं ही कामं त्या करत, आणि शिवाय एवढ्या माणसांचा स्वयंपाक. भारतातली पहिली चित्रपट-संकलक म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जातं. तिकडे अमेरिकेतही सुरुवातीच्या काळात फिल्म कापून जोडण्याच्या कामावर पुष्कळ बायका होत्या. ते काम शिवणकामासारखं बारीक आणि चिकाटीचं समजलं जाई, म्हणून. आपल्याकडे पुढे रेणू सलुजा झाल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. 'जाने भी दो यारों', 'परिंदा' हे चित्रपट त्यांनी संकलित केले आणि संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. २००० साली, पन्नाशीही गाठायच्या आत, त्या गेल्या.

यातली एक गोष्ट मला विचार करायला लावते. स्वप्नातही खोटं न बोलणाऱ्या राजाची कथा फाळक्यांनी निवडली, आणि ती दाखवली सोंगं घेऊन. तारामतीचं काम तर साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं. तरी त्या चित्रपटाला कुणी खोटं म्हटलं नाही, कारण ही कथा आहे हे बघणाऱ्याला माहीत होतं. आपल्या घरच्या व्हिडिओचं तसं नाही. तो बघताना लोक म्हणतात, "हे असं झालं होतं." म्हणून घरच्या फिल्मवर सत्याची जबाबदारी सिनेमापेक्षा जास्त येते. तिथे नट नाहीत, आपली माणसं आहेत.

आता खोटं शिरतं कुठून, ते बघू. १९२० च्या सुमाराला रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या वाटीशेजारी जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा एका सुंदर स्त्रीशेजारी. बघणाऱ्यांना तो चेहरा कधी भुकेला वाटला, कधी दुःखी, कधी प्रेमात पडलेला. चेहरा तोच होता. त्यात कुणी काडीचाही बदल केला नव्हता. अर्थ तयार झाला तो जोडणीतून.

हा प्रयोग आपण घरोघरी नकळत करत असतो. समजा, धाकटी जाऊ चार पाहुण्यांपुढे बोलायला उभी राहिली आणि अडखळली. सासूबाई दोन तासांनंतर, नातवाच्या खोडीवर, खुदकन हसल्या. संकलन करताना कुणी ते हसू जावेच्या अडखळण्यापुढे जोडलं, तर अडखळणं खरं, हसणं खरं, आणि फिल्म मात्र खोटी. सासू सुनेला हसली असं ती सांगते. गंमत म्हणून केलेली ही जोडणी दहा वर्षांनी कुणी बघेल, तेव्हा सांगायला तिथे आपण नसू. एकही खोटं वाक्य न उच्चारता खोटी साक्ष देता येते, हे या छंदात पहिल्या दिवशीच समजून घ्यावं.

मग खरं दाखवायचं कसं? आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, नय. वस्तूला अनंत अंगं असतात, आपण एका वेळी एकाच अंगाने बोलू शकतो. त्या एकांगी बोलण्याला नय म्हणतात आणि तो दोष मानलेला नाही. आपलं अंग सांगताना बाकीची अंगं नाकारली, हेच काय ते सगळं असं म्हटलं, की त्याचा दुर्नय होतो. पाठशाळेत हे शिकताना सगळं डोक्यावरून जात होतं. ते समजलं फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्या वर्षी श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला आमच्याकडून बस गेली. परत आल्यावर सात जणींच्या फोनमधलं चित्रण एका जागी जमा केलं. एकीने फक्त गोमटेश्वराच्या मस्तकावरून ओघळणारं दूध आणि हळद घेतली होती. एकीने पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या. एकीच्या फोनमध्ये मूर्ती जवळजवळ नाहीच, सगळे आकाशाकडे वळलेले चेहरे. एकीने मुक्कामाच्या ठिकाणची पाण्यासाठीची रांग घेतली होती, तीच पाच मिनिटं. अभिषेक एकच, आणि सातही जणींनी खरंच टिपलं होतं. पाण्याची रांग काढून टाका, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. ती अर्धा मिनिट ठेवली. त्या रांगेत ओळखीपाळखी नसलेल्या बायका एकमेकींच्या कळश्या धरून उभ्या होत्या, तोही यात्रेचाच भाग होता. फिल्मच्या सुरुवातीला एक ओळ घातली, 'आम्ही सात जणींनी पाहिलेला अभिषेक.' एवढ्या एका ओळीने नयाचा दुर्नय होण्यापासून फिल्म वाचते. आपण सगळं दाखवलेलं नाही, आपल्याला दिसलं तेवढं दाखवलं आहे, हे कबूल करणं ही या कामातली पहिली सचोटी.

याहून बारीक हिशेब हवा असेल तर तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते आठवावेत. गृहस्थाकडून सत्यव्रतात कुठे कुठे घसरण होते, त्याच त्या जागा. फोन, कॅमेरा यातलं काही नव्हतं तेव्हाची ही यादी आहे, पण ती समोर ठेवून काम करावं इतकी ती लागू पडते.

मिथ्योपदेश म्हणजे चुकीच्या वाटेला लावणारं सांगणं. आजीने पायदुखीवर काय लावलं, ते अर्धं कापून दाखवलं आणि कुणी तसं करून बसलं, तर ते यातच आलं. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातलं चारचौघांत सांगणं. लग्नाच्या गडबडीत खोलीत दोघं काहीतरी बोलत होती, फोन चालू राहिला, आवाज आला. तो तुकडा कितीही गोड असला तरी आपला नव्हे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणं. एकाचं वाक्य दुसऱ्या प्रसंगाला जोडणं, मामाने न दिलेला आशीर्वाद त्याच्या तोंडी बसवणं. आता तर माणसाचा हुबेहूब आवाज तयार करून देणारी ॲप आली आहेत, म्हणून हा अतिचार आजच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. साकारमंत्रभेद म्हणजे कुणाच्या हावभावावरून मनातलं ओळखून ते फोडणं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीचा पडलेला चेहरा पुन्हा पुन्हा, मोठा करून दाखवणं, हे त्याचं आजचं उदाहरण.

राहिला न्यासापहार. न्यास म्हणजे ठेव. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली आणि नेमकी किती ठेवली ते विसरून कमी मागितली, तर 'बरोबर, एवढीच होती' म्हणून बाकीची दाबून ठेवणं. या अतिचाराचा व्हिडिओशी काय संबंध, असं वाटेल. मला तर सगळ्यांत जवळचा संबंध याचाच दिसतो. लोक आपल्याला त्यांच्या फोनमधलं चित्रण देतात ती ठेवच असते. आपण त्यातली दहा मिनिटं जोडून परत देतो आणि जागा भरली म्हणून बाकीचं पुसून टाकतो. ज्याची ठेव होती त्याला किती होती ते आठवतही नाही. एक मिनिटाच्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला फोनप्रमाणे साधारण शंभर-सव्वाशे एमबी जागा लागते, तासाला सहा-सात जीबी. जागा भरते हे खरं. पण हार्ड डिस्क विकत मिळते, वडिलांचा आवाज मिळत नाही. म्हणून मूळ चित्रणाला हात लावू नये. संगणकावरचे संकलनाचे प्रोग्रॅम मूळ फाइल कापत नाहीत, कुठून कुठपर्यंत दाखवायचं याची फक्त नोंद ठेवतात. फोनच्या गॅलरीतली कातर मात्र कधी कधी मूळ फाइलवरच चालते, तिथे 'कॉपी' म्हणूनच जतन करावं. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

ठेव सांभाळण्याचं मोल जुन्या कॅसेटी काढल्या की कळतं. आमच्या थोरल्या नणंदेच्या लग्नाची १९८८ सालची व्हीएचएस कॅसेट कपाटात होती. लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून ती संगणकावर उतरवून घ्यायचं ठरलं. आमच्या बेळगावच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते. तशीच लावली तर फीतही जाते आणि यंत्राचं हेडही खराब होतं, म्हणून आधी साफ करून घ्यावी लागते. असली यंत्रं बनवणंही २०१६ साली थांबलं, आता आहेत ती जुनीच चालवायची. तर तीन तासांची कॅसेट उतरवली आणि मी वीस मिनिटांची फिल्म करायला बसले.

तीन तासांत एकदाच, चार सेकंदांपुरत्या, माझ्या चुलत सासूबाई दिसल्या. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. ज्या मुलीचं लग्न होतं तिला लहानाचं मोठं त्यांनी केलं होतं. कॅमेरेवाला वरातीच्या मागे धावताना मागच्या पडवीपाशी वळला, दिव्याचा झोत त्यांच्यावर पडला, त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि कॅमेरा पुढे गेला. कॅमेरेवाल्याने कुणाला मुद्दाम वगळलं नव्हतं. घराने त्यांना जिथे उभं केलं होतं तिथे कॅमेरा जात नव्हता, एवढंच. ही कातर कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी चाललेली होती.

आता ती चार सेकंदं ठेवायची का? नियमाने पाहिलं तर तो वाईट तुकडा होता. हललेला, अंधारा, चेहरा अर्धा झाकलेला. कुठल्याही शिकवणीत तो आधी काढा असं सांगतील. मी ठेवला. पण लगेच दुसरा विचार आला. त्यांनी पदर ओढला होता. त्यांना दिसायचं नव्हतं का? की दिसू नये असं त्यांना शिकवलं होतं? विचारायला त्या राहिल्या नाहीत. मग मी तो तुकडा मोठा केला नाही, थांबवला नाही, त्यावर करुण सूर लावले नाहीत. जिथे होता तिथेच, होता तेवढाच राहू दिला. फिल्म घरच्यांत दाखवली, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर पाठवली नाही. ती चार सेकंदं आली तेव्हा नणंद एवढंच म्हणाली, "काकी हाय की ती." मग तिने ते मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं.

वगळलेलं माणूस परत आणण्याची ही बाजू झाली. याच्या उलट मागणीही येते. निपाणीकडच्या एका घरातली गोष्ट नाती थोडी बदलून सांगते. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची फिल्म करायची होती. चित्रणात थोरल्या नातवाची बायको ठिकठिकाणी होती. फिल्म करायला घेईपर्यंत दोघांचा घटस्फोट झाला होता. घरून निरोप आला, "तिला सगळीकडून काढा." आता हे करता येतं. कडेला असेल तर चौकट लहान करून, मध्ये असेल तर धूसर करून, आणि नव्या ॲपमध्ये तर माणूस पुसून तिथे भिंत भरून देतात.

हा निरोप वाईट मनाने आलेला नव्हता. मुलाच्या आईचं म्हणणं होतं, "बघताना पोटात कालवतं हो." तेही खरंच. आपल्या घरच्या आनंदाच्या फिल्ममध्ये आपली जखम रोज बघायची सक्ती कुणावर का करावी? पण एका तुकड्यात ती आजीचा हात धरून तिला बस्तीच्या पायऱ्या चढवत होती. तिला पुसलं तर आजी हवेत हात धरून चढते आहे असं दिसलं असतं. शिवाय घरात सहा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई त्या घरात होती, हे पुढे त्याला कुठून कळणार?

मला तेव्हा एक फरक स्पष्ट दिसला, तो पुढे नेहमी कामी आला. वगळणं वेगळं आणि पुसणं वेगळं. एखादा तुकडा घेतला नाही, तर आपण त्याविषयी गप्प बसलो. गृहस्थाला तेवढी मोकळीक आहे. पण घेतलेल्या तुकड्यातून माणूस पुसून टाकलं, तर 'इथे कुणी नव्हतं' असं आपण बोललो. ते असत्य. म्हणून मी त्यांना सांगितलं, की तिचे तुकडे टाळता येतील तेवढे टाळते, पण जो घेईन त्यातून तिला पुसणार नाही. पायऱ्यांचा तुकडा घ्यायचा की नाही ते आजींनी ठरवावं. आजी म्हणाल्या, "माझा हात कुणी धरलावता ते मला ठाऊक हाय. तुम्ही काढलंसा म्हणून काय झालं?"

तरी एक माणूस राहिलंच होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या पूर्वीच्या सासरच्या फिल्ममध्ये आपण असावं, असं तिला तरी वाटतं का? तिच्या मावसबहिणीकडून विचारलं. निरोप आला, "आजींजवळचं राहू दे, बाकीचं काढा." ज्या फिल्मवरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती, तिचं उत्तर तिने एका ओळीत दिलं. तेच उत्तर सगळ्यांना पटलं. मूळ चित्रण जसंच्या तसं वेगळ्या डिस्कवर घालून मुलाच्या नावाने ठेवलं.

यावर कुणी म्हणेल, एवढी चर्चा कशाला, काहीच न कापता सगळं जसंच्या तसं ठेवा, म्हणजे सत्याला बाध नाही. मला हे पटत नाही. सगळं दाखवणं म्हणजे सत्य नव्हे. आजोबांना शेवटच्या वर्षात घास गिळता येत नव्हता, बोलणं तुटायचं. ते चित्रण खरं आहे, पण नव्वद वर्षं ताठ चाललेला माणूस त्या दोन महिन्यांचाच नव्हता. तिथे कापण्यात करुणा आहे. आणि सत्याच्या आधी अहिंसा येते, हा क्रम आपल्याकडे उगीच लावलेला नाही. शिवाय सगळं ठेवण्याच्या हौसेत परिग्रहही लपलेला असतो. फोनमध्ये हजारो तुकडे, पण मुलाने मागितलं तर एक सापडत नाही. मूळ ठेव सांभाळायची ती नाव-तारीख घालून, एका जागी. नुसता ढीग घालून ठेवला तर सांभाळल्यासारखा वाटतो, मिळत कुणालाच नाही.

मग करुणेने कापलं की सोयीसाठी कापलं, हे ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी लावते. ज्या माणसाबद्दल शंका आहे, ते माणूस आपल्या शेजारी बसून ही फिल्म बघतं आहे अशी कल्पना करायची. त्याला मान खाली घालावी लागेल का? 'हे असं नव्हतं' असं ते म्हणेल का? आणि 'मी कुठे आहे?' असं विचारलं तर आपल्याकडे त्याला तोंडावर सांगता येईल असं उत्तर आहे का? माणूस हयात असेल तर कल्पना करत बसू नये, जाऊन विचारावं.

ज्या मैत्रिणींना हे नव्याने सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. पहिली फिल्म लग्नाची घेऊ नका, त्यात माणसं फार आणि मान-अपमानही फार. घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून तिचा एखादा पदार्थ करून घ्या, कडबू म्हणा, शेवया म्हणा. फोन आडवा धरा आणि एका जागी टेकवा. हात जवळून घ्या, चेहरा वेगळा घ्या, आणि स्वयंपाकघराचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा घ्या. दोन तुकड्यांमधली फट त्याने भरते. चित्र थोडं हललेलं चालतं, आवाज फुटका चालत नाही. फोनवर इनशॉट किंवा व्हीएन पुरे, संगणक असेल तर शॉटकट आणि डाविंची रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट मिळते. आधी सगळं एकदा न कापता बघा. मग तीन मिनिटांत बसवा. सिनेमातलं गाणं मागे लावायचा मोह टाळा. ते गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं, आणि त्याने आपल्या माणसाचा आवाजही बुडतो.

कापून झालं की ती तयार फिल्म घेऊन आधी त्या बाईकडे जा. मुलांना नंतर, गटावर तर त्याहून नंतर. ती म्हणेल, "हे काढ गं, मी किती वाकलीय." किंवा म्हणेल, "मी मीठ कधी घातलं ते दिसतंच नाही." तिने काढ म्हटलं ते काढा. नाही दिसत म्हटलं ते शोधून घाला. फिल्म थोडी लांबेल, थोडी वाकडी होईल. पण ती बघताना तिला कुणाकडे चोरून बघावं लागणार नाही, आणि आपल्यालाही.